डावा खांदा

चाळीस वर्षं मी पोर्तोतली माणसं मापली.
छाती, कंबर, बाही,
खडूची एक रेघ, ओठांत चार टाचण्या,
"श्वास सोडा, साहेब, पोट आत घेऊ नका."
मापाच्या वेळी लोक खोटं बोलतात, फीत बोलत नाही.
म्हणून वाटलं, चित्र म्हणजे काय,
कात्रीच्या जागी कोळसा.

दर गुरुवारी, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
दोरखंडाच्या जुन्या गोदामाचा माळा.
हीटर एकच, तोही आदेलिनोच्या पायांशी.
आदेलिनो गोदीत खारवलेल्या माशांचे गठ्ठे वाहायचा.
आता बहात्तरचा,
अंगावर सूत नाही, आणि उभा असा
की बस जरा उशिरा येतेय एवढंच.

पहिल्या दिवशी मी त्याची मापं काढली:
खांदा एवढा, पाय एवढा, सगळं बरोबर,
आणि कागदावर एक कपाट उभं राहिलं.
ग्रासिएत बाई मागे थांबल्या.
"हे तुला माहीत होतं, बेल्मिरा. दिसलेलं कुठाय?"

शिळ्या पावाने पुसायचं असतं.
जमिनीवर पडलेल्या पावाचा मुका घेऊन तो ताटात ठेवणारी
माझी आई असती, तर तिने
आधी पाव उचलला असता, मग माझी कानशिलं.

"हात काढू नकोस," बाई म्हणाल्या एकदा,
"हात आणि कमरेच्या मधली पोकळी काढ."
तिरकस शिडासारखी होती ती,
आत पैलतीरावरचे तीन दिवे.
मी दिवे काढले, शीड काढलं,
हात आला मागाहून, न बोलावता,
जेवणं झाल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.

दोऱ्याला बटण बांधून ओळंबा केला, माझ्याच डब्यातलं बटण.
गळ्याच्या खळगीतून सोडायचा.
भार घेतलेल्या घोट्यावर टेकला तर माणूस उभा आहे,
नाहीतर पडतोय,
आणि तुम्ही त्याच्या भुवया रंगवत बसलात.

फेब्रुवारीत आदेलिनो आला नाही.
मेला वगैरे नाही, हर्नियाचं ऑपरेशन.
हीटरचे पैसे भरलेले. बारा माणसं, बारा कोरे कागद.
बाईंनी कोणाकडेच पाहिलं नाही,
आणि मी उठले.

पडद्यामागे स्वेटर, झगा,
मग माझ्याच हातच्या शिवणी एकेक करून.
फळीवर त्याच्या पावलांभोवतीचा खडू अजून होता.
त्यात माझे पाय
बापाच्या बुटातल्या पोरीसारखे.

बांध्याकडे कोणी पाहत नव्हतं.
एक डोळा मिटून, काडी लांब धरून
ते माझे उतार मोजत होते.
आठव्या मिनिटाला नाक खाजलं.
बाराव्याला डावी मांडी परकी झाली.
वजन मी तोवर किलोत ओळखायचे,
आता ते टाचेत बसलेलं कळलं, मुकाट, जुन्या भाडेकरूसारखं.

विश्रांतीत अंगावर कोट ओढून फिरले.
तोमेचं चित्र, पोरगं एकोणीसचं:
डोकं सलगमाचा गड्डा,
आणि डावा खांदा दोन बोटं खाली.
म्हटलं, शिकेल.
पुढच्या फळ्यावर, खाली.
त्याच्या पुढच्यावर, खाली.
अकरा माणसं एकाच चुकीवर एकमत करत नाहीत.

डाव्या हाताने कापड दाबायचं, उजव्याने कापायचं.
चाळीस वर्षं.
किती जणांच्या पडत्या खांद्यांत मी कापूस भरला,
बोलले नाही, पैसेही वेगळे लावले नाहीत.
माझं माप घ्यायला मात्र
दुकानात दुसरं कोणी नव्हतं.

तोमे लाजला. "खांदा चुकलाय, वर घेतो,"
म्हणत त्याने पाव उचलला.
मी तो त्याच्या बोटांतून काढून घेतला
आणि खाल्ला.
कोळसा दातांत करकरला. तसा वाईट नव्हता.
मग कोट खुंटीला लावला
आणि त्या मोठ्या पावलांत परत जाऊन उभी राहिले.