शिकाऊ

पणजीच्या आरटीओत संगणकाने पंधरा प्रश्न विचारले.
चौदा बरोबर आले.
चुकला तो एकच: अरुंद पुलावर समोरून गाडी आली
तर आधी कोणी थांबायचं.
फालेरो साहेब म्हणाले, शिकशील,
आणि सहा महिन्यांचा कागद हातात दिला,
त्यावर माझा फोटो नारळ चोरताना सापडल्यासारखा.

अट अशी, की एकटीनं चालवायची नाही.
शेजारी परवाना असलेलं माणूस हवं
आणि पुढे-मागे लाल एल.
तो मी पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने केला,
जरा कलला,
पाय घसरल्यासारखा.

आमच्या घरात परवाने दोन.
एक पप्पांचा; ते बोटीवर, रॉटरडॅमच्या आसपास कुठेतरी,
नेट मिळालं की पहिला प्रश्न, क्लच हळू सोडतेस ना?
दुसरा आईचा.

आईचा?

विम्याच्या कागदांखालून तिनं तो काढला,
नव्याण्णव सालचा,
मुदत संपली तेव्हा वेर्लेकर डॉक्टरांचा दाखला जोडून
गुपचूप नवा करून आणलेला.
मग चालवत का नाहीस?
पप्पा असतात ना.
आणि ते बोटीवर असतात तेव्हा?
भात लागतोय बघ, म्हणत ती आत गेली.
मला तर कसलाच वास आला नव्हता.

रविवारी चोडणच्या खाजनांमधून निघालो.
मी पंधराच्या वेगानं, आई दाराची कडी धरून.
पाववाला पोदेर सायकलीवरून पोंपों करत
आम्हाला मागे टाकून गेला,
वळून हसलासुद्धा.
मानशीजवळच्या वळणावर मला दिसलं,
आईचा उजवा पाय खाली दाबला जातोय,
जिथे ब्रेक नाही तिथे,
मी दाबायच्या जरा आधी, दर वेळी बरोबर.
घरी येऊन गाडी झाडताना पाहिलं:
डाव्या सीटखालची चटई
तेवढ्याच जागी झिजलीय, पार जाळी पडलीय.
पप्पांच्या बाजूची अजून बरी आहे.

तिसऱ्या आठवड्यात फेरीवर गेलो.
भरती उतरलेली, उतार शेवाळी,
आणि खलाशी हात हलवतोय,
फाटीं घे बाये, फाटीं, उलटी घाल.
मी उलटी घातली. बंद पडली.
परत सुरू केली, परत बंद.
मागे टेम्पो, टेम्पोमागे लग्नाची मंडळी,
सगळ्यांचे हॉर्न एकदम,
एल बघून जास्तच.
पाठीखाली मांडवी, ढवळी आणि शांत.

उतर, आई म्हणाली.
मला वाटलं, आता ढकलायला लावते.
ती बोनेटला वळसा घालून आली,
सीट दोन खाचा पुढे ओढली,
आरसा स्वतःकडे वळवला,
ओढणीचं टोक दारात अडकू नये म्हणून मांडीखाली घेतलं,
आणि गाडी एका दमात मागे नेऊन
दोन जीपांच्या मधे अशी लावली
की खलाश्यानं हात हलवायचा थांबवला.

फेरी सुटली. दोघी गप्प.
काचेवर माझा लाल एल, चालक म्हणून ती:
शेजारच्या जीपमधला म्हातारा काच खाली करून म्हणाला,
भिऊ नको हां, येतं हळूहळू.
आई म्हणाली, हो काका.

रायबंदरला उतरलो की जागा बदलायच्या, असं मी धरलं होतं.
फळी आपटली, गाडी वर चढली,
वडाखाली थांबायची जागा आली
आणि गेली.
आई, दुसऱ्यावर टाक, इंजिन ओरडतंय.
कळतं मला.
तिनं टाकला. थोडा खरखरला.
पुढे पणजीकडचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी,
मागे गाड्यांची रांग वाढत चाललेली,
आणि समोरून बस येताना
माझा उजवा पाय आपोआप खाली गेला,
चटईच्या त्या जाळीत.