सात नंबरची बाटली

चहाच्या रंगाचं पाणी आलं ट्रॅव्हल्सच्या डिकीतून.
पाच कॅन, तोंडाला सुतळी,
वर पांढऱ्या रंगानं: पिऊ नये.
पाठवणारे धर्मू पेंदाम, तांब्याच्या बंद खाणीचे पंपवाले.
पंप थांबून एकोणीस वर्षं झाली,
तरी पंपवालेच.

सर म्हणाले, जंतू लागतील, हवा न सोसणारे.
म्हटलं, मग नदीवर जाते.
संगमाच्या पुलाखाली गुडघाभर उतरले,
मुठेचा काळा गाळ डब्यात भरला.
वरून एक आजोबा ओरडले,
"अहो, काय पडलं तुमचं?"
काय सांगणार.

बाटल्यांत गाळ, शेण, लाकडाचा भुसा
आणि पाषाणच्या रसवंतीतलं फुकटचं चिपाड.
बुचांवर मेण.
पहिल्या सहा मेल्या;
पाणी लिंबाहून आंबट.
सातवीत मी चुना टाकला होता चिमूटभर,
वहीत न लिहिता.

चोविसाव्या दिवशी सातवी काळी पडली.
नळी उघडली तसा वास सुटला,
ओढणीत बसून सुतारवाडीपर्यंत आला.
घरमालकीणबाई जिन्यातच उभ्या:
"आमच्यात अंडी चालत नाहीत, सांगितलं होतं ना?"
काकू, हे अंडं नाही,
माझी नोकरी आहे.

दर रविवारी पेंदामांचा फोन.
"म्याडम, पानी काय म्हन्ते?"
बसतंय खाली, हळूहळू.
"बसू द्या. घाई नाई."

जानेवारीत स्वतःच आले, मफलर गुंडाळून.
बाटली उजेडाकडे धरली:
वरचं पाणी नितळ, ट्यूबलाइट आरपार.
थोडं वाटीत काढून दिलं.
प्यायले नाहीत.
बोट बुडवलं, नखाकडे बघत राहिले.
"काय खाते जी हे?"
चिपाड, म्हटलं.
आणि श्वास घेतात तो पाण्यातल्या सल्फेटवर.
आपली हवा लागली की संपले.
ते हसले,
"मंजे आमच्याच पाळीचे."

मग तळाकडे बोट.
तिथे तांबं आहे, मी सांगितलं, थोडं जस्त.
त्यांनी बाटली उचलून कानाशी हलवली,
नारळ हलवावा तशी.
"अठ्ठावीस वर्सं याच्याच मांगं होतो."
सगळं गढूळ झालं.
घाबरून माझ्याकडे पाहिलं त्यांनी.
राहू द्या, म्हटलं, बसेल.

ते गेल्यावर वही काढली.
सातव्या बाटलीसमोर, शाई वेगळी दिसत होती तरी,
लिहिलं: चुना.