सहावं भोक

टेंबलाईच्या टेकडीमागं
डिसेंबरात, सकाळी सात वाजता,
आम्ही बावीस मुली खाकीत गारठून उभ्या.
माझ्या बुटांत पुढं कागदाचे बोळे,
टोपी मालनची, पट्टा तिच्या थोरल्या बहिणीचा.
माझी स्वतःची अशी फक्त भीती होती.

राजाराम तलावाकडचं धुकं अजून उठायचं होतं.
पंचवीस मीटरवर कार्डं लावलेली,
त्यांच्यामागं मातीचा ढिगारा,
आणि ढिगाऱ्यावर एक म्हैस,
जिला हुसकण्यात पंधरा मिनिटं गेली.

हिंदुराव उस्ताद सांगत होते :
“श्वास घ्यायचा. अर्धा सोडायचा. उरलेला धरायचा.
खटका वढायचा न्हाई गं पोरी, पिळायचा.
मिसळीवर लिंबू पिळतीस नव्हं?
तसा. बी पडाय नको.”
आम्ही हसलो. ते हसले नाहीत.
त्यांच्या उजव्या कानाला ऐकू यायचं नाही,
शंका विचारायची तर डावीकडून.

माझा नंबर आला.
सतरंजीवर पालथी पडले,
हाताखाली वाळूचं पोतं, पोटाखाली गार जमीन.
दस्त्याला गाल लावला
आणि एकदम वास आला
बाबांच्या शर्टाचा.
तेच तेल, तेच घासलेलं लोखंड,
जे उद्यमनगरातल्या लेथवरून
रोज सायकलवर बसून घरी यायचं
आणि आईच्या सोड्याला दाद द्यायचं नाही.
मला कुणी सांगितलंच नव्हतं
की बंदुकीला घरचा वास येतो.

धक्का बसेल, म्हणाल्या होत्या सगळ्या.
आंबेहळद उगाळून ठेवते, म्हणाली होती आई.
पण खांद्याला लागलं ते एवढंच :
मागच्या बाकावरच्या कुणीतरी
पेन मागायला बोट टेकवावं.
आवाज मात्र टेकडीपर्यंत गेला,
देवळाला वळसा घालून परत आला.
ललितापंचमीला कोहळा फुटतो
तेव्हा गर्दी एक क्षण गप्प होते,
तशी मी आतून गप्प झाले.
आणि मग आत नुसती झोंबाझोंबी.

उरलेल्या चार कशा मारल्या, ठाऊक नाही.
लिंबू नाही, बी नाही, श्वाससुद्धा नाही.

कार्डं आली.
माझ्यावर चार भोकं,
एकमेकांशी बोलणं सोडलेल्या भावांसारखी चार कोपऱ्यांत.
शेजारच्या मालनच्या कार्डावर सहा.
आणि पुंगळ्या मोजल्या तर एक कमी.
“भोक जादा, पुंगळी कमी.
ह्यो हिशोब कुठल्या सोसायटीचा?” उस्ताद म्हणाले.

पुंगळी मिळेपर्यंत ट्रक हलणार नव्हता.
तासभर बावीस जणी गुडघ्यांवर,
मोज्यांत कुसळं, पोटात कावळे,
म्हैस परत येऊन आमच्याकडं बघत उभी.
सापडली ती मालनच्या वेणीत,
अबोलीच्या गजऱ्यात अडकलेली.
कॅम्पात गजरा घातल्याबद्दल
तिला मैदानाला तीन फेऱ्या.

भोकाचा हिशोब मात्र लागला नाही.
सहातलं एक अगदी मधोमध होतं.
उस्तादांनी कार्ड उन्हाकडं धरलं,
तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
काढलेली पेन्सिल परत खिशात ठेवली.

मधलं तुझं, मालन म्हणायची.
तुझंच, मी म्हणायचे.
रंकाळा स्टँडवर तिची एसटी लागेपर्यंत
हेच भांडण, मग पत्रांतून थोडं,
मग तिचं लग्न, माझी नोकरी, आणि काहीच नाही.
बंदूक पुन्हा हातात आली नाही.

परवा मुरगूडला तिच्या घरी गेले.
एकतीस वर्षांनी.
केस पांढरे, वेणी तेवढीच लांब.
चहा ठेवता ठेवता तिनं
गॅसच्या पुस्तकातून ते कार्ड काढलं,
पिवळं पडलेलं, कडेला हळदीचं बोट.
काही न बोलता
माझ्या तोंडासमोर धरलं.

मी मधल्या भोकाला डोळा लावला.
पलीकडं तिचा डोळा होता.
श्वास अर्धा सुटलेला, अर्धा धरलेला.

“सांग,” ती म्हणाली, “कुणाचं?”