हिप्परग्याचा बीच

आमच्याकडं बीच आहे म्हटलं
की साखर पेठेतले लोक हसतात.
हसू देत.

तुळजापूर रोडला, तलावाची भिंत संपते तिथून थोडं आत,
तडकलेली काळी माती, शिंपल्यांचा चुरा,
बाभळीचे काटे, कुणाची तरी एक चप्पल.
मे महिन्यात पाणी मागं सरकतं,
आम्हाला वीस पावलं जास्तीचा किनारा मिळतो,
शहराला पाचव्या दिवशी नळ.
हे बोलताना मी आवाज जरा खाली घेतो.

मस्कतला एकतीस वर्षं मी टॉवेल दिले.
हॉटेलच्या बीचवर, निळ्या छत्रीखाली,
मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे,
कमी पडला तर पगारातून.
पहिल्याच दिवशी कडेला शिवलेली चिठ्ठी वाचली : सोलापूर.
नाकाशी धरला.
क्लोरीन.
घरचं काहीच नाही.

अनसूया एका डॉक्टरीणबाईची मुलं सांभाळायची.
शुक्रवारी आम्ही कुंपणापलीकडं बसायचो,
जिथं वाळू फुकट होती.
खुर्ची? छे.
खुर्चीत बसायची माणसं वेगळी होती
आणि त्यांचे टॉवेल माझ्याकडं होते.

आता घडीच्या दोन खुर्च्या आहेत आमच्या,
पट्ट्या जरा सैल झाल्यात.
आणखी दोन मंडळाकडनं आणल्या,
कारण कोळिकोडहून मोइदू आला, पातुम्मा आली,
दोन रात्रींचा प्रवास, डब्यात हलवा,
आणि उतरल्या उतरल्या म्हणाला,
“राजय्या, हे काय ऊन आहे की शिक्षा?”

मोइदू आमच्या बीचचा जीवरक्षक.
उंच खुर्ची, शिट्टी, लाल चड्डी.
आता गुडघे गेलेत, शिट्टी आहे,
किल्ल्यांच्या जुडग्यात.

अनसूयानं कडक भाकरी फोडली,
शेंगाचटणीवर दही ओतलं,
पातुम्मानं एक घास खाल्ला, पाणी मागितलं,
मग परत चटणी मागितली.
दोघी काय बोलत होत्या देव जाणे,
एक तेलुगूत, एक मल्याळममध्ये,
मधेमधे मस्कतची हिंदी.

मी म्हटलं, “तुझ्या तर घरामागंच समुद्र.”
“आहे,” म्हणाला.
“सात वर्षांत गेलो नाही.
गेलो की मोजायला लागतो.”

आणि तेवढ्यात मोजायलाच लागला.
पलीकडं म्हशी धुणारी पोरं.
चार. चार. चार.
ओठ हलत होते त्याचे,
हातातली भाकरी तशीच.
अनसूया म्हणाली, “भैया, पीठ टेको.”
टेकली त्यानं. नजर नाही टेकली.

तीन.

उठला तो. खुर्ची मागं कोलमडली.
गुडघे गेलेला माणूस तडकलेल्या मातीवरून
शिट्टी फुंकत धावला,
पँटीसकट पाण्यात कमरेपर्यंत,
हिप्परग्यावरचे सगळे बगळे उठले.

म्हशीआडून चौथं डोकं वर आलं,
हरवलेली बादली हातात.
“काय बे काका,” ते म्हणालं, “काय झालं?”

मोइदूला काही सांगता येईना.
तो नुसता चार बोटं दाखवत राहिला.

मला दुसरं काय येतंय?
मी टॉवेल घेऊन काठाला गेलो,
दोन्ही हातांवर, घडी वरच्या बाजूला,
जसं शिकवलं होतं तसा पुढं केला.
पोरानं घेतला,
आधी रेडकाचं तोंड पुसलं,
मग कान, आतून नीट,
आणि गोळा करून माझ्या हातात ठेवला.

संध्याकाळी आवरताना मोजले.
चार दिले होते, चार आले.
एकाला म्हशीचा वास.
अनसूया म्हणाली, दोन पाण्यानं निघेल.
मी म्हटलं, राहू दे.