आडवी नळी

नळी आडवी कापा म्हटल्यावर
अण्णांनी सत्तूर खाली ठेवला.
उदगीरच्या बाजारात चाळीस वर्षं
हाड फोडलंय, कापलं नाही कधी.
मग शेजारच्या सुताराची करवत मागून आणली,
चार चकत्या केल्या. बोलले नाहीत.

जहाजावर हे वासराचं असायचं.
इथं बोकड,
सेलरी नाही म्हणून कोथिंबिरीचे देठ,
आणि बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेली
लाल वाइन.
ओतताना दार लोटून घेतलं.

तीन तास, मंद.
आई दोनदा डोकावली,
"आंबट कशाचा वास येलालाय?"
द्राक्षाचा, म्हणालो.
खोटं नव्हतं.

अण्णांनी नळी उचलली,
भाकरीवर टक टक आपटायला गेले
तर गर आधीच घसरून
ज्वारीत जिरलेला.
बोटं चाटली. दुसरी घेतली.
म्हणाले,
"करवत उद्या वापस देऊ."