वालाची राखण

पौषात आमच्या दापोलीकडे थंडी समुद्रावरून येत नाही,
ती घाट उतरते,
पऱ्याच्या काठाकाठाने चोरपावलांनी येते
आणि वालाच्या शेतात बसून राहते, गुडघाभर.
माळ्यावर चढते ती रात्री तीनला.

तीनपर्यंत माणूस जेवणावर ऊबदार असतो,
कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी,
चुलीत भाजलेला सुका बांगडा.
पुढे मग जे बरोबर आणलं असेल त्यावर.
मी आणलं होतं गोणपाट, पायांना,
आत भाताचा पेंढा कोंबून,
आणि काळा गुंडा एक, सांजेपासून निखाऱ्यात ठेवलेला.
आनंदीने लुगड्याच्या फडक्यात बांधून दिला,
पोटाशी धर म्हणाली, छातीशी नको, झोप लागेल.

शेकोटी नाही. विडी नाही. खोकला गिळायचा.
डुकराला धूर दोन शेतं आधी कळतो,
चहा कळतो, गुडघ्याला चोळलेला बाम कळतो,
सातबारा तेवढा कळत नाही.

म्हणून तर विश्राम आणि मी एका माळ्यावर.
अकरा वर्षं बोलणं नाही,
भावाभावांत हातभर रुंदीचा बांध,
त्यावर दोन काजी आणि एक उक्षी.
तारखा चालू आहेत.
पण बापाची ठासणीची बंदूक वाटणीत त्याला गेली, लायसनसकट,
आणि माळा ज्या ऐनावर बसतो तो ऐन माझ्या हद्दीत.
इस्माईल परकार मध्ये पडला.
तो डुक्कर खात नाही, शिवत नाही,
अख्ख्या गावात तेवढाच निःपक्ष.

पाठीला पाठ लावून बसलो.
त्याचं तोंड डोंगराकडे, माझं पऱ्याकडे.
थंडीत समुद्राचा आवाज जवळ येतो,
शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलावी तसा.
वाल दवाने पांढरा. बंदुकीची नळी ओली.
मध्येच एक टिटवी ओरडून गप्प झाली,
तिलाही गारठ्याने बोलवेना.

तीनला माझा गुंडा निवला.
दात वाजायला लागले. माळ्यावर दात वाजणं हा गुन्हा,
टॉवेलाचं टोक तोंडात कोंबलं,
तरी कडकड आतल्या आत, मणक्यातून, पार त्याच्या पाठीपर्यंत.

मागून घोंगडीची एक बाजू आली.
शब्द नाही. नुसती बाजू.
ओल्या लोकरीचा वास, आणि त्याखाली तपकिरीचा.
ओळखली मी.
वाटणीच्या यादीत ही घोंगडी
'गहाळ' म्हणून लिहिलेली आहे,
मीच लिहायला लावली होती, त्याच्यावर ठपका ठेवून.
ती आता माझ्या खांद्यावर.
मी ओढून घेतली. काय करणार?

मग त्याचा हात आला, माझ्या काखेत, थेट कातडीला.
हर्णै बंदरावर बर्फात मासे भरणाऱ्या पोरांचे असतात
तसली बोटं, लाकडाची.
चापावरचं बोट गरम हवं, एवढं आम्हा दोघांनाही ठाऊक.
मी दंड आवळला.

आणि ती आली.
आधी वास, मग शेंगा फुटल्याचा आवाज, चटचट,
मोठी एक, मागे पट्ट्यापट्ट्यांची पाच पिल्लं,
नाकपुड्यांतून वाफा सोडत, घरचं ताट असल्यासारखी.
वीस पावलांवर. त्याहून सोपी शिकार नसते.

त्याने हात काढला नाही,
की मी सोडला नाही,
हे कुठल्याही पंचापुढे मला सांगता येणार नाही.
त्यांनी माझा वाल खाल्ला, सावकाश,
मग बांध ओलांडून त्याचा.
ओलांडताना एकानेही मान वर केली नाही.

उजाडताना इस्माईल खाली येऊन उभा.
"बार ऐकू नाही आला?"
"दारू सर्दली," विश्राम म्हणाला.
"सर्दलेलीच होती," मी म्हणालो, ऐनाकडे बघत.
घोंगडी गुंडाळून तो वरच्या वाटेने गेला,
मी खालच्या.

सोळाला तारीख आहे.
यादीतली एक ओळ खोडता येते का, वकिलाला विचारायचंय.
खोडायचेही तो पैसे घेईल.