जर्मन

भांडं. देश नव्हे.
आधीच सांगून टाकतो,
कारण बाहेरची टीम आली की विचारते,
मिरजेत जर्मन कोच आला कुठून?

मिशन हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून.
आई तिथं पेजेची पातेली घासायची,
पोरगं तिचा पोचे पडलेला जर्मनचा डबा घेऊन
रेल्वेच्या मैदानावर यायचं.
एका बाजूला डबा, दुसऱ्या बाजूला वीट,
क्लबचा पहिला गोल तो.
जर्मनच्या डब्याचा योना भोरे.
पुढं डबा गळाला, भोरे गळाला,
योना फक्त चर्चच्या वहीत उरला.

खंदक स्पोर्टिंग. शर्ट जांभळा,
कारण जांभळं कापड स्वस्त मिळालं,
आणि तीन धुण्यांत अख्खी टीम राखाडी झाली.
नंबर सात. चौदा सीझन.
डाव्या पायानं चेंडू असा उचलायचा
की तव्यावरची भाकरी उचलतोय, चटका न लागता.
एकदा कोल्हापूरहून दोघं आले फटफटीवर,
पाकीट, नवे बूट, कारखान्यात नोकरी.
ह्यानं चहा पाजला. म्हणाला,
"तुमची पेठ, आमचा नुसता खंदक.
मासा पेठेत गेला की विकला जातो, पोहत नाही."
आम्ही हसलो.
बुटांकडं मात्र बघत राहिलो, फटफटी वळेपर्यंत.

नव्वद सालच्या जुलैत, मध्यरात्र उलटून गेल्यावर
तिकडं जर्मनी जिंकली
आणि इकडं गल्ली ह्याच्या दारात.
लोंढे बँडवाल्याला झोपेतून उठवला,
ह्याला बनियनवर खांद्यावर घेतला,
मार्केटपर्यंत गुलाल.
हा वरून ओरडतोय, "अरे सोडा! मी भांड्यातला!"
कोण ऐकतंय.

गुडघा गेला त्र्याण्णवच्या फायनलला.
आवाज मला गोलमधून ऐकू आला.
माझा धंदा तंबोऱ्याच्या भोपळ्यांचा,
टिचकी मारून सांगतो कुठला आतून चिरलाय.
तसला आवाज.

पावसाळा सरल्यावर तो शिट्टी घेऊन आला,
लंगडत, काहीच न घडल्यासारखा.
फळ्यावर बाण काढले नाहीत कधी.
माझ्या दुकानात येऊन बसायचा, बघायचा
मी जवारी कशी लावतो, किती वेळ लावतो.
"माजिद, चार तारा जुळवतोस,
माझी अकरा पोरं का जुळत नाहीत?"
मी म्हटलं, माणसाला खुंटी नसते.
"असते की. कुणाची कानाला, कुणाची पोटात."
दुसऱ्या दिवसापासून डब्यात
शेंगदाणे आणि गूळ.

तरी तीन वर्षं आमचा भोपळा फुटला नाही.
लोक मलाच चिडवायचे, साहजिक आहे.
तो कॉर्नरच्या झेंड्यापाशी उभा,
हरलो तरी तिथंच, जिंकलो तरी तिथंच;
त्या जागी गवत उगवायचं बंद झालं.

मग तो पूर. क्लबची ट्रंक दोन दिवस पाण्यात.
शर्ट वाळले. वही वाळली नाही,
चाळीस वर्षांची शाई एका निळ्या डागात.
नवी वही घेऊन मी त्याच्यासमोर बसलो.
सांग, तुझे गोल किती?
आठवेना. खरंच आठवेना त्याला.
पण बेडगहून सायकलवर येणारा शिवलिंग
कुठल्या मॅचला अनवाणी खेळला,
कुणी कुणाला कसा पास दिला,
आणि सत्त्याऐंशीला माझ्या मांड्यांमधून गेलेला तो चेंडू,
तेवढा तारखेसकट.
"गोल गेले पाण्यात. पास लिही."
दोनशे पानं झाली. अजून लिहितोय.

परवा नवीन पोरगं आलं, अथणी वेशीकडचं,
बोटभर दाढी, कानात बाळी.
"सर, तुम्ही जर्मनीत होता म्हणं?"
मी तोंड उघडलं, सगळं सांगायला.
त्यानं मला डोळ्यानंच गप्प केलं.
"होतो की," म्हणाला, डब्याचं झाकण काढलं,
"घे. तिकडचे शेंगदाणे."